अकरापट

डोंबिवली (पूर्व)
६ जानेवारी २०२५

प्रिय दर्शना,

अनेक आशीर्वाद. इतक्या वर्षांनी मॅडमचं पत्र, तेही कागदावर, म्हणून दचकू नकोस. माझ्या सौमित्रचा फोन कंपनीचा होता, नोकरीबरोबर तोही परत द्यावा लागला. तेव्हापासून माझाच फोन घरात दोघांचा झालाय आणि मला जे लिहायचं आहे ते त्याने वाचलेलं चालणार नाही. उत्तर घरी पाठवू नकोस. पाकिटामागे वाचनालयाचा पत्ता घातलाय, तिथल्या रंगूबाई माझ्यासाठी ठेवून घेतील.

माझा मुलगा तुझ्याच कंपनीत, वागळे इस्टेटमध्ये होता. त्याला काढलं तेव्हा तू रजेवर होतीस असं कळलं, म्हणून काय झालं ते सांगते. तो स्वतः अवाक्षर बोललेला नाही. त्याचं टेबलावरचं सामान द्यायला त्याच्या टीममधला हर्षित घरी आला होता, त्याच्याकडून मी खणून काढलं. त्यांच्या साहेबाने, देवेशने, सगळ्या टीमला मोठ्या हॉलमध्ये बसवलं आणि भिंतीवर आकडे लावले. रुग्णालयांचे तपासणी-अहवाल जुळवणारा सौमित्रचा नवा प्रोग्राम तेवढ्याच अहवालांसाठी प्रोसेसरला जुन्यापेक्षा अकरापट राबवतो म्हणे. सौमित्रला उभं केलं आणि तो आकडा त्याच्याच तोंडून मोठ्याने वाचून घेतला. वर म्हणाला, "याच्या आईनेच आम्हाला शिकवलंय, मला तेव्हाच कळायला हवं होतं." लोक हसले. संध्याकाळी सौमित्रकडून राजीनामा लिहून घेतला.

हा देवेश तुमच्याच बॅचचा. तोंडी परीक्षेला घाम पुसत बसायचा आणि उत्तर येत नसलं की आवाज चढवायचा. आवाज अजून तोच आहे म्हणायचा.

मी रागाच्या भरात लिहितेय असं समजू नकोस. राग केव्हाच उतरला. आता जे उरलंय ते थंड आहे आणि चांगलं टिकाऊ आहे. देवेशची मान खाली गेलेली मला बघायची आहे, आणि ती चारचौघांत गेली पाहिजे.

आता कामाचं. सौमित्रचा प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालायचा. एका खऱ्या सर्व्हरवर तुम्ही अशी बरीच मशीनं मांडता आणि प्रत्येकाला वाटतं की प्रोसेसर आपल्या एकट्याचा. पण प्रोसेसरच्या पोटात किती काम झालं ते मोजणारे काउंटर असतात, ते खरे आणि मोजकेच. मी शिकवत होते तेव्हा आमच्याकडे मशीनच्या आतून ते वाचताच येत नसत. मग देवेशने वाचले कसे? त्याने आकडा आणला कुठून, एवढंच मला बघून सांग. माझ्या मुलाने अकरापट काहीही केलेलं नाही, हे मला त्याचा प्रोग्राम न बघताही माहीत आहे.

तुझी,
नीला पेठे


बाळकुम, ठाणे
१५ जानेवारी

आदरणीय मॅडम,

नमस्कार. पत्र लिहायची सवय गेलीय, अक्षर सांभाळून घ्या. आमच्याकडे ऑफिसचा लॅपटॉप कुठवर डोकावतो कोणालाच माहीत नाही, तेव्हा कागदच बरा. आमची बायजाआत्या दोनदा येऊन विचारून गेली, कोनाला लिवतंस गो एवढं? तिला वाटलं लग्नाचं काहीतरी असणार.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी बघितलं. तुम्ही म्हणता तसंच होतं. आमच्या मशीनमध्ये आतून काउंटर वाचला तर शून्य यायचं. देवेशने दिवाळीच्या आधी स्वतः ती सोय लिहिली, म्हणजे मशीन चालू असताना खरे काउंटर त्याच्या हाती द्यायचे. मालकांपुढे त्याने त्याचा एवढा ढोल वाजवला की बास.

पण प्रोसेसर एक आणि मशीनं अनेक, ती पाळीपाळीने चालतात. एकाची पाळी संपली की त्याचा आकडा उतरवून बाजूला ठेवायचा आणि पुढच्याचा चढवायचा, हे तुम्ही आम्हाला घोटून घेतलेलं. देवेशने तेवढंच केलं नाही. काउंटर चालूच राहतो आणि मधल्या वेळात दुसऱ्यांनी केलेलं काम याच्या नावावर चढतं. आमच्या टॉवरमध्ये एका फ्लॅटच्या मीटरवर शेजारच्याचा एसी जोडलेला निघाला होता, तसाच प्रकार. सौमित्रच्या शेजारच्या मशीनवर कोणाची तरी पगारपत्रकं दिवसभर बनत होती, ती सगळी त्याच्या माथी.

खात्री करायला मी एक नवं मशीन बनवलं. त्यात काहीही घातलं नाही, नुसतं रिकामं. त्याचाही आकडा धावत होता.

दुरुस्ती तशी छोटी आहे, मी लिहून ठेवलीय. ती देवेशला न दाखवता थेट मालकांकडे नेली तर सौमित्रवरचा ठपका गाजावाजा न होता पुसला जाईल. तुम्ही हो म्हणालात की सोमवारी नेते.

तुमची विद्यार्थिनी,
दर्शना


डोंबिवली
२० जानेवारी

प्रिय दर्शना,

नेऊ नकोस.

तुझं पत्र मी वाचनालयात उभ्यानेच वाचलं आणि इतकी हसले, की पलीकडे मासिक चाळणाऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून बघितलं. गेल्या दोन महिन्यांत एवढं बरं मला वाटलं नव्हतं. तीस वर्षं हा विषय शिकवून मी काय मिळवलं असं लोक विचारायचे. हे मिळवलं.

पण "गाजावाजा न होता" हे शब्द तू पुन्हा लिहू नकोस. माझ्या मुलाचं नाव हॉलमध्ये गेलंय, ते हॉलमध्येच परत आलं पाहिजे. मालकांच्या केबिनमध्ये चहा पिता पिता चूक दुरुस्त झाली तर देवेश काय करील सांगू? "चांगलं पकडलंस दर्शना" म्हणून तुझी पाठ थोपटेल आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवेल. मला त्याचं जेवण गोड लागू द्यायचं नाहीये.

तो आता पुन्हा लोकांपुढे कधी उभा राहणार आहे, ते बघ. तोपर्यंत दुरुस्ती कोणाला दाखवू नकोस.

इकडे सौमित्र दिवसभर खोलीत असतो. परवा कल्याणहून त्याचे हरिहरकाका आले होते. ते म्हणाले, काहीतरी चुकलं असेल त्याचं, उगीच कोण काढतं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की त्याच्या प्रोग्राममध्ये एक ओळसुद्धा वावगी नाही आणि हे मी कोणालाही लिहून देईन. सौमित्र अर्ध्या ताटावरून उठला. अजून त्याला किती लागलेलं आहे ते यावरून बघ. मी ते ताट झाकून ठेवलं आणि मनात देवेशच्या नावाने आणखी एक रेघ ओढली.

नीला पेठे


बाळकुम
३० जानेवारी

आदरणीय मॅडम,

तुम्हाला हवी ती बातमी आहे. फेब्रुवारीत एका मोठ्या रुग्णालयसमूहाची माणसं येणार आहेत, सगळे सर्व्हर आमच्याकडे आणायचे की नाही ते ठरवायला. देवेश त्यांना काउंटरची सोय दाखवणार, त्याच हॉलमध्ये, आख्ख्या टीमसमोर. कीबोर्डवर मी असणार. तो बोलणार, आणि तो सांगेल ते मी उघडून दाखवणार.

दुरुस्ती मी बाजूच्या चाचणीच्या सर्व्हरवर बसवून बघितली. आता ज्याचं काम त्याच्याच नावावर पडतं, रिकामं मशीन गप्प बसतं.

एक विचारते, राग मानू नका. देवेशचा आकडा खोटा ठरला की पुढे कधीतरी कोणीतरी खरा आकडा मागेल. तो काढावाच लागेल. सौमित्रला तुम्ही त्या प्रोग्रामबद्दल स्वतः विचारलंय का? म्हणजे त्याला काय वाटतं, त्याची काय इच्छा आहे? तुम्ही सांगितलंत तर मी अजूनही सोमवारी मालकांकडे जाऊ शकते. सगळं आहे तिथेच थांबेल.

बाकी ठीक.

दर्शना


डोंबिवली
४ फेब्रुवारी

दर्शना,

तू कच खाल्लीस. मला वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. तुला तिथे रोज त्याचं तोंड बघायचं असतं, पगार त्याच्या सहीने होतो, हे मी समजू शकते. पण तसं लिहायचं होतंस. सौमित्रची इच्छा वगैरे मध्ये आणायची गरज नव्हती. ज्याला भरल्या हॉलमध्ये उभं केलं त्याची इच्छा काय असेल हे विचारायला लागतं का?

आणि खरा आकडा कोणी मागितला तर मला आनंदच आहे. तोच तर मला हवाय. तू तो काढशील, मी तो चौकटीत घालून भिंतीला लावीन आणि हरिहरभावजींना त्याच्यासमोर बसवून चहा देईन.

आता नीट वाच. देवेशची खोड मला ठाऊक आहे. आकडा दिसला की त्याला माणूस शोधायची घाई होते, आणि माणूस सापडला की त्याला नावं ठेवल्याशिवाय राहवत नाही. ती खोडच त्याच्यावर उलटू दे. तू सकाळी एक नवं मशीन बनव, रिकामं. शेजारी भरपूर काम चालू असलेलं एखादं मशीन राहील असं बघ. तो म्हणेल, कुठलंही एक उघड. तू ते उघड. त्यात काय चालू आहे ते सांगू नकोस आणि खोटंही बोलू नकोस. तो विचारणार नाही. नुसता आकडा बघेल आणि बोलत सुटेल. त्याला पोटभर बोलू दे. मध्ये पडू नकोस, दया आली तरी. पाहुण्यांपैकी एकाला तरी अक्कल असेलच, तो विचारील की या मशीनवर चालू काय आहे. तेव्हा खरं सांग.

हे तुला जमणार नसेल तर आत्ताच कळव, मी स्वतः येऊन हॉलच्या दारात उभी राहीन.

नीला पेठे


बाळकुम
२२ फेब्रुवारी

आदरणीय मॅडम,

झालं. तुम्ही म्हणालात तसंच झालं, एका जागी तर त्याहून जास्त.

रुग्णालयाची पाच माणसं होती. त्यांचे तांत्रिक प्रमुख प्रभाकर म्हणून पन्नाशीचे गृहस्थ आहेत, सगळा वेळ वहीत काहीबाही चित्रं काढत होते. मालक पहिल्या रांगेत. देवेश नवा कोट घालून आलेला. आधी अर्धा तास त्याने स्वतःबद्दल सांगितलं, ही सोय आपण एकट्याने कशी लिहिली, ओळ न् ओळ आपली कशी आहे. मग मला म्हणाला, कुठलंही एक मशीन लाव. मी लावलं.

पडद्यावर आकड्याचा पट्टा थेट लाल. देवेशचा चेहरा खुलला. म्हणाला, बघा, हेच मला दाखवायचं होतं. याच्यात कोणीतरी आळशी माणसाने लिहिलेला प्रोग्राम चालू आहे, एकच गोष्ट शंभरदा करतोय. मग तो सुटलाच. अशा माणसाचं डोकं कसं चालतं, त्याला शिकवणाऱ्यांनी काय शिकवलं असेल, सगळं. "मला प्रोग्राम बघायचीही गरज नाही," म्हणाला. "आकडा बघून मी माणूस ओळखतो. असा एक आम्ही नोव्हेंबरमध्येच घरी पाठवला." टीममधले काहीजण खाली बघायला लागले. ते सौमित्रच्या वेळीही हॉलमध्ये होते.

तेव्हा प्रभाकरांनी वहीतून डोकं वर काढलं आणि मला विचारलं, यावर चालू काय आहे?

मी म्हटलं, "काही नाही, सर. सकाळी बनवलंय. रिकामं आहे."

देवेश म्हणाला, असं होणार नाही. प्रभाकर उठून पडद्याजवळ गेले, मला दोन-चार कमांड द्यायला सांगितल्या आणि परत जागेवर बसले. म्हणाले, "मॅडम बरोबर सांगतायत. यांनी आत्ता वीस मिनिटं एका रिकाम्या मशीनला शिव्या घातल्या." त्यांच्यातली एक बाई हसली आणि मग मागच्या रांगेतून आमचेही हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर विचारलं, नोव्हेंबरात ज्याला काढलं त्याचाही आकडा याच काउंटरचा होता का? देवेशने आवाज चढवून बघितला, पण तो काही चढेना. शेवटी हो म्हणाला. मालकांनी दोनदा म्हणायला लावलं, पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून.

या आठवड्यात त्याने राजीनामा दिला. जाण्याआधी सगळ्या कंपनीला पत्र पाठवावं लागलं, की आजवर त्या काउंटरवर काढलेले सर्व आकडे रद्द समजावेत, सौमित्र पेठे यांच्या आकड्यासह. त्याची प्रत सोबत जोडलीय. त्याच्या जागेचं काम सध्या माझ्याकडे दिलंय.

दर्शना


डोंबिवली
२६ फेब्रुवारी

प्रिय दर्शना,

मागच्या पत्रात तुला कच खाल्लीस म्हणाले, तो शब्द मागे घेते. तू माझी सर्वांत गुणी विद्यार्थिनी आहेस.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं सांगत नाही, हसशील. आवाज चढेना, ही ओळ तर पाठ झालीय. रंगूबाईंना पेढे दिले. त्यांनी विचारलं कशाचे, मी म्हटलं एका माणसाची नोकरी गेली. त्या बिचाऱ्या पेढा हातात धरून बसल्या.

देवेशच्या पत्राची प्रत मी सौमित्रच्या टेबलावर ठेवली. त्याने वाचली. तू हे केलंस का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्याने प्रतीची घडी घालून ती माझ्या हातात परत दिली. आनंद पचायलाही वेळ लागतो माणसाला.

आता एकच राहिलं. त्याचा खरा आकडा काढ आणि मला पाठव. भिंतीवर खिळा मारून ठेवलाय.

नीला पेठे


बाळकुम
११ मार्च

आदरणीय मॅडम,

पत्राला उशीर झाला. कामाचं निमित्त सांगणार होते, पण ते खरं नाही.

आकडा चारपट आहे. दुरुस्त काउंटरवर, शेजारी कोणी नसताना, पुन्हा पुन्हा मोजून. सौमित्रचा प्रोग्राम जुन्यापेक्षा चारपट काम करवून घेतो. प्रत्येक अहवालाला तो रुग्णाचा सगळा जुना इतिहास पहिल्यापासून वाचत बसतो.

हे मला जानेवारीतच कळलं होतं. सौमित्रला विचारलंत का, असं मी लिहिलं ते या आकड्यामुळे, आणि तुम्हाला वाटलं मी घाबरले. तुम्ही तसं लिहिलंत तेव्हा खरं कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण तुम्ही थांबला असतात, आणि मला ते थांबायला नको होतं.

दोन वर्षांपूर्वी एक मोठं काम माझ्याकडे यायचं होतं. देवेश म्हणाला, "तुझ्या बापाच्या शेतावर टॉवर उभे राहिलेत, तू टाइमपास करायला येतेस. ज्याला गरज आहे त्याला देऊ या." आमचे आजोबा मिठागरात काम करून पाय फाडून घ्यायचे, त्यातून मी शिकले. हे त्याला सांगून काय उपयोग होता? बायजाआत्याला सांगितलं तर म्हणाली, कला गो सोडतंस त्याला? म्हणजे, कशाला सोडतेस. पण एकटीने मला जमलं नसतं. तुमचा राग मिळाला तेव्हा जमलं. म्हणजे तुम्ही मला वापरलंत असं तुम्हाला वाटत असेल, तर मीही तुम्हाला वापरलंय.

कंपनीने सौमित्रला परत बोलावलंय. मी दोन मेल केल्या, उत्तर नाही. त्याला आकडा मी कळवलेला नाही. कळवायचा की नाही ते तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर इथे कोणी पुन्हा मोजणार नाही.

दर्शना


डोंबिवली
१८ मार्च

प्रिय दर्शना,

पहिल्या दिवशी तुला एक पत्र लिहिलं आणि फाडलं. त्यात तुझ्याबद्दल बरंच वाईट होतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, तू मोजण्यात चुकली असशील. तिसऱ्या दिवशी मी सौमित्रच्या खोलीत जाऊन त्याच्या समोर बसले आणि जे जानेवारीत तू विचारायला सांगितलं होतंस ते विचारलं.

तो म्हणाला, चारपट ना? मला माहीत आहे.

त्याने ते ऑक्टोबरातच घरच्या लॅपटॉपवर मोजलं होतं, काउंटरबिउंटर न लावता, साधं घड्याळ लावून. देवेशला जाऊन सांगितलंही होतं, की इतिहास पुन्हा पुन्हा वाचला जातोय, दुरुस्त करायला पंधरा दिवस द्या. देवेश म्हणाला, आधी बसव, मग बघू. बसवला. मग भिंतीवर अकरा आले.

मी विचारलं, मग तिथे बोलला का नाहीस? आणि मला का नाही सांगितलंस?

तो माझ्याकडे न बघता बोलला. "अकरा खोटे आहेत म्हटलं असतं, तर चार खरे आहेत हेही म्हणावं लागलं असतं. तिथे ते ऐकून कोण घेणार होतं? घरी आलो तर तू सगळ्यांना सांगत होतीस की एक ओळ वावगी नाही. तो अकरा म्हणतो, तू शून्य म्हणतेस. आई, माझे चार कोणालाच नकोत."

दर्शना, तो ताटावरून उठायचा तेव्हा मी ताट झाकून ठेवत होते. उठत होता तो माझ्यामुळे.

तुला अपराधी वाटत असेल तर ते सोडून दे. कोणी म्हणेल, देवेश काही अगदीच चुकला नव्हता. चुकला होता. रिकाम्या मशीनलाही ज्याने नोकरीवरून काढलं असतं, त्याला बरोबर म्हणत नाहीत. चारावर त्याने जे सात चढवले आणि माझ्या मुलाच्या तोंडून वाचून घेतले, त्या सातांसाठी त्याचं जे झालं त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा संधी आली तर पुन्हा करीन, आणि तुझ्या आजोबांच्या पायांसाठी त्यात थोडी भर घालीन. तू मला वापरलंस म्हणतेस, तर बरं झालं. चांगल्या कामाला वापरलंस.

पण माझ्या शून्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. ते देवेशच्या माथी मारता येत नाही.

काल शेजारची अंतरा दारात भेटली. म्हणाली, ऐकलं, सौमित्रवरचा आरोप खोटा निघाला, प्रोग्राम अगदी निर्दोष होता म्हणे. ही बातमी तिच्यापर्यंत कोणी पोचवली असेल ते तू ओळखलंच असशील. मी म्हटलं, "नाही गं. चारपट खात होता. दुरुस्त करायचाय." चार म्हणणं मला जड गेलं, हे तुला म्हणून सांगते. खोलीचं दार उघडंच होतं, सौमित्रने ते ऐकलं.

संध्याकाळी त्याने प्रोग्राम उघडला. मी मदत करू का विचारलं, तो नको म्हणाला. आज सकाळी बाहेर येऊन माझ्याकडे फोन मागितला. त्याला तुझ्या दुरुस्त काउंटरवर प्रोग्राम पुन्हा मोजून घ्यायचा आहे, नोकरीचं नंतर बघू म्हणतो. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत त्याचा फोन येऊन गेला असेल.

तो सांगेल तसं मोज. जो आकडा येईल तो त्यालाच सांग, मोठा आला तरी, लहान आला तरी. मला कळवू नकोस. मला सांगायचा की नाही ते त्याला ठरवू दे.

तुझी,
नीला पेठे